गौरीपुढची भुतं

गिरगावात खोतांच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून कमळाबाईची दोन खोल्यांची जागा होती. बाई हाताने सढळ, जिभेने तिखट आणि मनाने, आता खोटं कशाला बोला, मत्सरी. असातसा मत्सर नव्हे. शेजारणीच्या लेकीचं लग्न जमलं की हिच्या पोटात दुखायचं. हिला तर लेकच नव्हती. दोन मुलगे, तेही नोकरीपायी परगावी. कुणी नवा स्टोव्ह घेतला की ही आठ दिवस आपल्या शेगडीवर डाफरायची. पण कुणाकडे आजारपण येऊ दे, सगळ्यांच्या आधी पेजेचा टोप घेऊन हीच हजर. चाळीत म्हणच पडली होती, कमळाबाईला दुःख सांगा, सुख सांगू नका.

तिचा नवरा नाना छापखान्यात खिळे जुळवायचा. मुकाट माणूस. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द जुळवून त्याला स्वतःचे काढायचा कंटाळा येत असावा. क्वचित काही बोलायचा ते नेमकं नको तेव्हा, आणि मग त्याचे भोग भोगत बसायचा.

आता एवढ्या तिखट बाईला चाळीत मान कशाचा? तर चैत्रातल्या हळदीकुंकवाचा. चैत्रात गौर माहेरी येते, झोपाळ्यात बसते, आणि महिनाभर बायका एकमेकींना बोलावतात. कैरीची वाटली डाळ, गार पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, आणि गौरीपुढे फळांची आरास. कमळाबाई अख्ख्या कलिंगडाचं कमळ कोरायची, बत्तीस पाकळ्यांचं. दहा वर्षं पलीकडच्या चाळींतल्या बायकासुद्धा ते बघायला येत होत्या. ‘मेलं कसलं, कलिंगड काय कुणीही कापतं,’ असं ती वरवर म्हणायची, आणि बायका गेल्या की कोण काय बोललं ते नानाला अक्षरन्‌ अक्षर सांगायची.

तीन दारं सोडून जगदीशचं बिऱ्हाड होतं. त्रेपन्न साली तो लग्न करून बायको घेऊन आला, कालिंदी. रत्नागिरीकडची, सावळी, हसरी, डावखुरी. पहिल्याच चैत्रात कमळाबाईने मोठ्या कौतुकाने तिला मदतीला बोलावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीने पन्ह्याच्या कैऱ्यांतली एक उचलली, सुरी डाव्या हातात धरली आणि गप्पा मारता मारता कैरीचा पोपट केला. मान वळवून पाठीमागे बघणारा पोपट. तेवढ्यावर थांबली असती तर कमळाबाईने पोटात घातलं असतं. पण पुढच्या वर्षी खरबुजाचा हंस झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी पपईची होडी झाली. बायका कमळापुढून दोन पावलं सरकून तिकडे जमायला लागल्या. हंसाच्या वर्षी जेवताना नाना बोलून गेला, “हात आहे पोरीचा.” तीनच शब्द, पण त्यापायी बिचाऱ्याला पंधरा दिवस बिनफोडणीची आमटी खावी लागली.

छप्पनच्या भाद्रपदात जगदीशला विषमज्वर झाला आणि बारा दिवसांच्या तापात धडधाकट माणूस हातचा गेला. कमळाबाईने दिवस होईपर्यंत त्या घरची चूल पेटू दिली नाही. दोन्ही वेळचं जेवण आपल्या घरून नेलं. रडली ती खरं रडली. कालिंदीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायची पाळी आली तेव्हा हिनेच त्या एकेक करून काढल्या. आणि तेराव्याला भांडी आवरताना, ध्यानीमनी काही नसताना, एक विचार येऊन समोर उभा राहिला. येत्या चैत्रात हंस नाही.

तिने आपल्याच दोन्ही गालांत मारून घेतल्या. देवापुढे नाक घासलं. पण आलेला विचार जातो कुठे? विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं, हे काही कमळाबाईने ठरवलेलं नव्हतं. तिने फक्त ते ध्यानात ठेवलं.

बरं, एवढ्यावर मत्सर मिटावा, तर तेही नाही. जगदीश मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून लढणाऱ्या समितीचा स्वयंसेवक होता. त्याच्या माघारी त्याचं काम कालिंदीने उचललं. निवडणुकीत घरोघर चिठ्ठ्या वाटल्या, प्रभातफेरीत झेंडा धरला. फेरीत कमळाबाईही होती, सगळं गिरगाव होतं. पण झेंडा कालिंदीच्या हातात आणि कमळाबाई तिसऱ्या रांगेत, चपलेचा अंगठा तुटलेला. फेरीत पांढरं कपाळ पुढे चालत होतं, त्याला कुणाची हरकत नव्हती. समिती निवडून आली, चाळीत पेढे वाटले, आणि पेढे खाता खाता बायका म्हणाल्या, पोरगी मोठी धीराची हो. कमळाबाईनेही पेढा खाल्ला. तिला तो गोड लागला नाही.

सत्तावनचा चैत्र आला तशी नळावर कुजबुज सुरू झाली. यंदा हंस नाही. कुणी पोपटाची आठवण काढी, कुणी होडीची. कालिंदी आराशीला येत होती तेव्हा झालं नसेल एवढं कौतुक आता चाललं होतं. “मेल्या म्हशीला मणभर दूध,” असं कमळाबाईच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. कारण ज्या म्हशीबद्दल ती बोलली ती जिवंत होती आणि तीन दारं पलीकडे पोटासाठी मशीनवर पोलकी शिवत होती.

यंदा असं काही करायचं, की हंसाचं नाव कुणी काढता कामा नये. एवढं एकच कमळाबाईच्या मनाने घेतलं. कमळ कोरून भागणार नव्हतं. आणि नेमकं रामनवमीच्या कीर्तनात बुवांनी गौरीच्या लग्नाचं आख्यान लावलं. शंकर नवरदेव झालाय, नंदीवर बसून निघालाय, आणि वरातीला कोण? तर भुतं, वेताळ, मुंजे, हडळी. कुणाला मुंडकं नाही, कुणाला नुसतंच मुंडकं. ती वरात बघून गौरीच्या आईला दारातच भोवळ आली. बुवांनी सोंग असं वठवलं की चाळीतली पोरं आठवडाभर गॅलरीत भुतं होऊन नाचत होती. कमळाबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शंकराची वरात करायची, सगळी फळांची. वेताळ कलिंगडाचा, भुतं जांबाची आणि केळ्याची. आणि नुसती बघायची नाहीत, प्रत्येक सवाष्णीला द्रोणात एकेक भूत द्यायचं, खाऊन टाकायला.

तिने आधी सगळ्यांना सांगून टाकलं आणि मग करायला घेतलं. माणसाची अक्कल अशी मागाहून येते. तळमजल्यावरच्या गंगुबाईने नाक मुरडलं. गंगुबाई सत्तरीची, पाच लेकरांची आई, नवरा अजून ठणठणीत, त्यामुळे चाळीतल्या सगळ्या सवाष्णींत पहिला मान तिचा. गौरीपुढे भुतं कसली मांडतेस गो, म्हणाली. कमळाबाई म्हणाली, “काकू, गौरीच्या सासरचीच माणसं ती. माहेरी आल्यावर सासरच्यांना दारात उभं करायचं का?” गंगुबाईला हे पटलं, तिने ते चार घरी सांगितलं, आणि अक्षय्य तृतीयेच्या अलीकडच्या शुक्रवारी भुतं बघायला अर्धं गिरगाव लोटणार हे नक्की झालं.

बुधवारी कमळाबाईने करून बघायला म्हणून चार जांब आणि एक खरबूज घेतलं. लवंगांचे डोळे लावले, तोंडं कोरली, आणि बघते तो काय, भुतं गोड दिसत होती. गालांवर खळ्या, पोट सुटलेलं, नुकती न्हाऊन पावडर लावून बसवल्यासारखी. हात पाकळ्यांना सरावलेला. जे कोरावं ते गोलच येई. तिने दात कोरले तर भुतं हसायला लागली. नाना छापखान्यातून आला, टोपी काढली, ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, “शाळेचा गट-फोटो वाटतो.” त्या दिवशी आमटीच झाली नाही.

गुरुवार सबंध तिने फळं नासली. संध्याकाळी तिला रडू फुटायचं बाकी होतं. उद्या अर्धं गिरगाव येणार, गौरीपुढे हे बाळसेदार भूतगण बघणार, आणि तोंडावर नाही तरी जिन्यात म्हणणार, कालिंदी असती तर. ते ‘असती तर’ तिला आत्तापासून ऐकू येत होतं. शेवटी तिने पदर खोचला आणि तीन दारं ओलांडून गेली.

सरळ मागणं कमळाबाईच्या स्वभावात नव्हतं. आधी पोलक्याच्या बाहीचं विचारलं, मग उकाड्याचं, मग ताडगोळे कसे महागलेत ते. कालिंदी ऐकत होती. पांढऱ्या साडीत ती फार लहान दिसायची. मग तीच म्हणाली, “भुतं जमत नाहीयेत का, वहिनी?” कमळाबाई म्हणाली, जमतात ग, पण वेळ कुठाय. कालिंदीने मशीनवरचा कपडा बाजूला सारला. दुपारी येते म्हणाली. माझी सुरी आणते म्हणाली. तिच्या तोंडावर सात महिन्यांत नव्हतं ते काहीतरी आलं, आणि कमळाबाईला ते बघून बरंही वाटलं आणि वाईटही.

शुक्रवारी बारालाच ती आली. स्वयंपाकघरात फरशीवर केळीचं पान अंथरलं आणि डाव्या हातात सुरी धरून कलिंगडाला हात घातला. कमळाबाई बघतच राहिली. पोरीने कोरायच्या आधी फळ फिरवून फिरवून बघितलं, जिथे साल वेडीवाकडी तिथेच तोंड काढलं. म्हणाली, भुताला चांगली बाजू देऊ नये. पांढऱ्या सालीचे दात, एक मोडका, एक लांब. ताडगोळा सोलून त्यात काळं करवंद दडवलं आणि वर गुलाबाच्या पाकाचा थेंब सोडला. तो डोळा असा बघायला लागला की कमळाबाईने पदर नीट केला. जांबांची मुंडकी केली, खोबऱ्याच्या किसात केळी घोळवून भस्म फासलेली भुतं केली. सोललेल्या द्राक्षांना लवंगेच्या टोकाने दोन-दोन डोळे पाडले आणि त्यांची रुंडमाळ खरबुजाच्या शंकराच्या गळ्यात घातली. पपईची हडळ केली तिची पावलं उलटी. खरबुजातल्या बियांच्या दोऱ्या न काढता तशाच बाहेर ओढल्या, त्या तिच्या जटा. नारळाचा नंदी तर दोनच फटक्यांत झाला.

कमळाबाई केळ्यांवर लिंबू पिळायला गेली, काळी पडू नयेत म्हणून. रीतच आहे ती. कालिंदीने तिचा हात धरला. “पडू देत की काळी. पाच वाजेपर्यंत बरोबर रंग येईल,” म्हणाली, आणि हसली. मोठ्याने हसली, पूर्वीसारखी. मग कमळाबाईही हसली. दोघींनी वेताळाला चाळीच्या मालकाचं नाव ठेवलं, हडळीला मालकिणीचं. तास-दीड तास कमळाबाई अगदी सुखात होती. मध्येच तिच्या मनात आलं, ही आपल्याला लेक असती तर. आणि लगोलग दुसरं आलं, लेक असती तरी हिचा हात बघून आपण जळलोच असतो. आपल्या बुधवारच्या भुतांतली दोन बरी होती ती तिने हळूच वरातीच्या मागच्या रांगेत नेऊन ठेवली.

चार वाजता कालिंदीने हात धुतले. सुरी पदराला पुसली. आरास गौरीपुढे मांडून झाली होती. तिने दारातूनच एकदा सगळी नजरेखालून घातली, एक मुंजा जरासा तिरपा करायला सांगितला, आणि गेली. तिला जा म्हणायची वेळ कमळाबाईवर आली नाही. थांब म्हणायची आली होती, पन्ह्याचं पातेलं समोरच होतं, पण ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

पाचपासून बायका येऊ लागल्या. दारातच किंकाळ्या, मग हसणं. एकीने तर खरंच भोवळ आल्याचं सोंग केलं, गौरीच्या आईसारखं. केळी काळवंडून अशी काही भेसूर झाली होती की कमळाबाईच्याच अंगावर काटा आला. वेताळ, हडळ, तो ताडगोळ्याचा डोळा, जी ती दुसरीला ओढून दाखवत होती. हंसाचं नाव कुणी काढलं नाही. आणि गर्दीतून कुणीतरी विचारलं, “कमळाबाई, सगळं तुम्ही केलंत?”

“मग काय, दुसरं कोण करणार?” कमळाबाई म्हणाली. तोंडाने तिला विचारलंच नाही, परस्पर बोलून मोकळं झालं.

मग कौतुकाचा पाऊस. असा हात गिरगावात नाही, यंदा तुम्ही स्वतःवर मात केलीत, काय एकेक. दहा वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते आज पदरात पडत होतं. आणि गंमत बघा, त्यातलं एकही गोड लागेना. उलट जो जो ‘वा’ कानावर येई तो मिरचीसारखा झोंबे; कारण तो वा कुणाचा हे तिला एकटीला ठाऊक होतं. पूर्वी हंसाचं कौतुक होई तेव्हा निदान नानाकडे तणतणता येत होतं. आता कालिंदीचं कौतुक तिने हसून, मान लववून, ‘कसचं कसचं’ म्हणून स्वतःच्या हाताने घ्यायचं. वर आणखी एक नवी सून मागच्या रांगेतली दोन भुतं उचलून म्हणाली, ही दोन लहान मुलांनी केलीत वाटतं, गोड आहेत.

गंगुबाई मात्र वेताळापुढे बसली होती आणि चष्मा सारखा करून त्याचे दात बघत होती. लग्नामुंजींच्या पंगतींना मणामणाची भाजी चिरून त्या म्हातारीचा जन्म गेला होता. तिने हडळीचे पाय बघितले, जांबाच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “कमळे, चिरा सगळ्या डाव्या हाताच्या आहेत गो. भुतं करणारी कुठाय?”

सगळ्यांना कळलं. तीन दारं पलीकडचं मशीन तेवढं ऐकू येत होतं. कमळाबाईचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग तिला एक वाट सुचली. वाट कसली, राजरस्ता. तिने हळदीकुंकवाची कोयरी उचलली आणि मोठ्याने म्हणाली, आत्ता बोलावते कालिंदीला. मी नाही मानत असलं काही. प्रभातफेरीत झेंडा धरायला चालते, गौरीपुढे शंकराची भुतं चालतात, आणि चालत नाही ती आपली पोर? आज मी तिला माझ्या हाताने कुंकू लावणार.

बायकांत खळबळ उडाली. दोघी उठून चपला शोधू लागल्या. पण बऱ्याच जणी म्हणाल्या, शाबास, याला म्हणतात धीर. एकीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. भुतं कुणी केली हा प्रश्न कुठल्या कुठे वाहून गेला आणि कमळाबाई पुढे, चार-पाच बायका मागे, अशी गॅलरीतून वरात निघाली.

कालिंदी मशीनवर होती. कमळाबाई उंबऱ्यात उभी राहून, मागच्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, ऊठ, चल, आज तुला कुंकू लावायचंय. कालिंदीने चाक हाताने थांबवलं आणि उठून अगदी जवळ आली. तिच्या बोटांना अजून खरबुजाचा वास होता. मागच्या बायकांपर्यंत पोचू नये अशा आवाजात ती बोलली.

“वहिनी, कुंकू नको मला. भुतं कुणी केली ते तिथं सांगितलंत?”

कमळाबाईने कोयरी या हातातून त्या हातात घेतली.

“नाही ना? तेवढं सांगा. मग येते मी. आहे या कपाळानं येते.”

आता आली पंचाईत. कुंकू द्यायला कमळाबाईचं काय जात होतं? कोयरी भरलेली होती, आणि चिमूटभर कुंकवात गिरगावभर नाव होणार होतं. पण पोरीने मागितलं ते नावच. ते द्यायचं म्हणजे पुढच्या चैत्रापासून बायका जिन्याला लागूनच्या दारात थांबणार नाहीत, तीन दारं पुढे जातील. कमळ म्हणजे नुसतं कापलेलं कलिंगड ठरेल. आणि न द्यायची सोयही हाताशी होती. नुसतं वळून म्हणायचं, लाजते हो बिचारी, येत नाही म्हणते. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. कालिंदी उघडं पाडणारी नव्हती. ती दार लावून पुन्हा मशीनवर बसली असती. आतापर्यंत तिने कुणाला काही सांगितलं नव्हतंच.

कमळाबाईने ते वाक्य जिभेवर आणलंसुद्धा. पण मग पुढे काय? परत आत जायचं, पुन्हा तो ‘वा’ ऐकायचा. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कुणी भुतांची आठवण काढली की मान लववायची आणि आतून जळायचं. दुसरीचं कौतुक तिला कधी सोसलं नव्हतं, आणि आता जन्मभर ते स्वतःच्या नावावर सोसायचं? तिच्याने ते होणं शक्य नव्हतं. ती सर्रकन वळली.

“भुतं हिनं केली,” ती बायकांना म्हणाली. “सगळी. मी खोटं बोलले.”

मन हलकं होतं म्हणतात असं बोलल्यावर. कमळाबाईचं तसूभरही झालं नाही. तिला वाटलं होतं तसंच झालं, अगदी तसंच. बायका तिला ओलांडून कालिंदीच्या भोवती गोळा झाल्या. हडळीचे पाय कसे केलेस, तो डोळा कसा केलास, केळी काळी कशी झाली. कालिंदी कुणाला तरी सांगत होती की लिंबू पिळायचंच नाही, आणि तिला घेऊन सगळ्या कमळाबाईच्याच खोलीत निघाल्या. उठून चाललेल्या दोघींतली एक गेली आणि एक डोळ्याबद्दल ऐकायला म्हणून जिन्यातून परत आली. गॅलरीत कमळाबाई एकटी, हातात कोयरी. तिचे डोळे भरून आले ते पश्चात्तापाने नव्हे हो, निव्वळ जळफळाटाने.

मग ती आत गेली, कारण घर तिचं होतं आणि पन्हं द्यायचं राहिलं होतं. गौरीच्या झोपाळ्याशेजारी कालिंदी बसली होती, मोकळ्या कपाळाची, आणि तिच्यापुढे बायका नुसत्या ओणवल्या होत्या. कमळाबाईने पहिला पेला काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे ठेवला. घे म्हणाली, प्रेमाने म्हणाली असं काही सांगता यायचं नाही.

गंगुबाई द्रोणातलं काळं केळं खात होती. तिने वर बघितलं. म्हातारीला सगळं कळलेलं होतं, तरी राहवेना. “सगळी भुतं हिनं केली, तर कमळे, दोन दिवस तू काय केलंस गो?”

हसू दाबलेल्या चेहऱ्यांनी सगळ्या कमळाबाईकडे बघायला लागल्या. कालिंदीही बघायला लागली.

“मी?” कमळाबाई म्हणाली. “मी नुसतं ‘मी केलं’ म्हटलं.”

आणि पातेलं उचलून ती पुढच्या बाईचा पेला भरायला वळली.